दिवाडीहून बाबांना

दिवाडी, गोवा
मंगळवार, रात्री

बाबा,
मुंबईला पोहोचायची तारीख आता धरू नका. होडी मांडवीकाठी वर ओढलीय आणि सुकाणू काढून लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलंय. ओंडक्याचा तडाखा फोनवर सांगितलाच होता. वरून चीर वीतभर दिसते, पण नाण्यानं ठोकत गेलं की हातभर लांबवर पोकळ आवाज येतो. म्हणजे फायबरचं कवच आतल्या फोमपासून सुटलंय. खालच्या टोकाला भोक पाडलं तर तपकिरी पाणी गळायला लागलं. त्या रंगानं झोप उडाली. आत स्टेनलेसचा दांडा आणि त्याला वेल्ड केलेल्या पट्ट्या आहेत. स्टेनलेसवरचा राखणारा थर ऑक्सिजनवर टिकतो. कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. तुम्ही आयुष्यभर वेल्डिंग केलंत, तुम्हाला जास्त सांगायला नको.

जेवायला रोज भात, हुमण, तळलेला बांगडा. चांगलं असतं, पण ज्वारीची भाकर आणि ठेच्याशिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही. आईनं दिलेला गोरसपाक कारवारच्या आधीच संपला.

गुरुवार

सुकाणू वाळत नाही. दिवसभर हॅलोजनचा दिवा लावून ठेवते, तरी भोकाशी बोट ओलं लागतं. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या उन्हात अंगणात टाकलं असतं तर किती लवकर वाळलं असतं! तिथे कूलर गार करतो तो हवा कोरडी असते म्हणून. इथे हवाच ओली, कूलर लावून उपयोग नाही. रात्री गच्चीवरची आपली कोरडी झुळूक फार आठवते.

एका कार्यालयात होडीच्या कागदांवर शिक्का घ्यायला गेले, तर कारकुनानं मान वर न करता ‘मालकाला पाठवा’ म्हटलं. मालक कोचीत. सही-शिक्क्याचं अधिकारपत्र समोर ठेवलं तरी वाचलं नाही. अजून राग गेलेला नाही.

जुन्या गोव्याची चर्चेस फेरीतून पाहिली.

शनिवार, पहाटे

कवच कापून पट्ट्या उघड्या केल्या. वेल्ड शाबूत आहेत! एका कडेला गंजाचे ठिपके होते, ते घासून काढले.

इथले कारागीर साधं पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट सुचवतात, ते बरंच स्वस्त पडतं. मी इपॉक्सीवर अडून बसले, कारण जुन्या फायबरला ते जास्त घट्ट धरतं. चिरेच्या दोन्ही बाजू जाडीच्या बारापट रुंद उतरत्या घासायच्या आणि त्यावर कापडाचे थर द्यायचे. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय येते. ती पाण्यानं धुतल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही.

‘म्हादेई’ ही शिडाची होडी याच बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली. ती घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगाला फेरी मारून आले. ‘तारिणी’ही तिथलीच. तिच्यातून जगाला फेरी मारणाऱ्या सहाजणींना २०१८ मध्ये परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडासाठी मॉरिशसला थांबावं लागलं होतं. दुरुस्तीला लागणारा वेळ वाया जात नाही, हे काकांनाही सांगा. ते रोज फोन करून ‘निघाली का?’ विचारतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इथे पाऊस लागतो. त्याआधी मुंबई गाठता आली नाही तर होडी इथेच झाकून रेल्वेनं येईन. ताईच्या फीचे पैसे सोमवारी पाठवते. इपॉक्सीला बरेच गेले, पण ते मालकाकडून मिळतील.

तुमची
सुमी