तणावे

टॉवेल ओढला, तर त्याच्याबरोबर वेलही आली. रात्री दोरीवर टाकलेल्या टॉवेलच्या दशीला कृष्णकमळानं दोन वेढे घातले होते. आदल्या संध्याकाळी वेलीचं टोक आणि दोरी यांत चांगलं वीतभर अंतर होतं, हे मी पैजेवर सांगेन. सोडवताना दशीचा धागा तुटला. तणावा शाबूत राहिला.

तणावा हा शब्द आजीचा. शाळेत त्याला प्रतान म्हणत आणि परीक्षेत तसंच लिहावं लागे. पण ही वेल दिवसभर कशाला तरी हात घालायच्या खटपटीत असते, ते पाहिलं की आजीचाच शब्द खरा वाटतो. चार्ल्स डार्विनला या अवयवानं वेड लावलं होतं. वेलींच्या हालचालींवर त्यानं १८६५ साली मोठा निबंध लिहिला. कृष्णकमळाच्या कुळातल्या एका नाजूक वेलीच्या तणाव्यावर त्यानं जेमतेम सव्वा मिलिग्रॅम वजनाची तार ठेवली, तर तेवढ्यानंही तो वाकला. स्पर्श झाल्यावर हालचाल दिसायला साधारण अर्धं मिनिट लागलं. मीही एकदा काडीनं तणावा हलकेच घासून पाहिला. माझ्या वेलीनं चहा गाळून होईपर्यंत वेळ घेतला, पण वाकली.

आधार सापडला की टोक त्याला घट्ट गुंडाळतं आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा वळू लागतो. अर्धा उजवीकडे, अर्धा डावीकडे, मध्ये इवलासा सरळ तुकडा. दोन्ही टोकं बांधलेली असताना एकाच बाजूला पीळ भरत नाही, दोरी वळणाऱ्या कुणालाही विचारा. वळवाच्या वाऱ्यात आमच्या चौथ्या मजल्यावर कुंड्या आडव्या होतात, ही मात्र त्या फिरक्यांवर झुलत राहते. म्हणून मी तिला कधी आवळून बांधत नाही. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, त्याही इंग्रजी आठच्या आकड्यात, सैल. ग्रिलचे चौकोनी गज तिला पेलत नाहीत, तणावा त्यांच्यावरून घसरतो. त्याला पेन्सिलीपेक्षा बारीक काहीतरी हवं. गजांवरून सुतळीची जाळी बांधली तेव्हा कुठे तिचा ग्रिलवरचा राग गेला.

हे सगळं आता सांगतेय. पहिलं दीड वर्ष मी ती वेल दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी ठेवली होती. रोपवाटिकेतून आणली तेव्हा तिच्यावर दोन जांभळी फुलं होती आणि ती मला पाहुण्यांना दाखवायची होती. घरात आल्यावर वेल पडद्याच्या दांडीपर्यंत गेली, पानं तळहाताएवढी झाली, फूल एकही नाही. मी गांडूळखत घातलं. निंबोळी पेंड घातली. केळ्याच्या साली भिजवलेलं पाणी घातलं, त्याची चिलटं झाली. शेवटी फोटो घेऊन रोपवाटिकेतल्या माळीकाकांकडे गेले. त्यांनी फोटोकडे एकदा पाहिलं.

"ताई, लाडावून ठेवलीय तुम्ही हिला. पोट भरलेली वेल कशाला फुलंल?"

"मग खत बंद करू?"

"खत कमी करा, मोठी कुंडी देऊ नका, आन् उन्हात काढा. दिव्याच्या उजेडात कुणी फुलतंय का?"

घरातलं झाड म्हणून कृष्णकमळ विकलं जातं, पण त्याची घराची कल्पना आपल्यासारखी नाही. चार-पाच तासांचं थेट ऊन त्याला लागतंच. पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी असेल तर सुखानं राहतं. नुसता उजेड असेल तर पानंच देतं. आता वेल गॅलरीत आहे, बारा इंची कुंडी मात्र तीच. मुळं तळाच्या भोकातून डोकावतात तरी मी ती बदलत नाही, वरची दोन इंच माती तेवढी दरवर्षी नवी घालते. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत घालायचं, दोन पेरांपर्यंत. कोरडं लागलं तर पाणी. कुंडीखाली ताटली ठेवायची हौस मी सोडली, कारण एका पावसाळ्यात त्या ताटलीत साचलेल्या पाण्यानंच पानं पिवळी पडली होती. मला वाटत होतं तिला पाणी कमी पडतंय आणि मी आणखी घालत होते.

छाटणीचं धाडस यायला मात्र वेळ लागला. कृष्णकमळाचं फूल नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत, तणाव्याच्या शेजारी येतं. नवी फूट नाही तर फूल नाही. जुनी वेल कितीही लांब असली तरी ती नुसती वाट आहे. फेब्रुवारीत, थंडी सरता सरता, मी पहिल्यांदा ती हातभर ठेवून कापली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, मारलीत तुम्ही ती!" मलाही तसंच वाटत होतं. तीन आठवडे त्या खुंटाकडे बघवत नव्हतं. मग प्रत्येक पेरातून लालसर कोंब आले. त्यांतले दोन-तीनच ठेवायचे, आणि वर जायची घाई करणारी टोकं सुतळीवरून आडवी वळवायची. आडवी वेल बाजूनं फुटते आणि फुटते तितकी फुलते. कापलेले तुकडेही मी फेकत नाही. तीन-तीन पेरांची कलमं ओल्या कोकोपिटात खोचते. निम्मी जगतात. त्यातली एक वहिनींकडे आहे.

फूल उमललं की सगळे मोजायला बसतात. भोवतालचे तंतू कौरव, मधले पाच परागकोश पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश. माझी भाची एकदा टाचणीनं कौरव मोजत होती आणि दर वेळी वेगळा आकडा येतोय म्हणून रडकुंडीला आली. खरं तर या वेलीचं कुळ मुख्यतः अमेरिकेतलं. कोलंबसाआधी आपल्याकडे तिचं नावही नव्हतं, तेव्हा महाभारत तिच्यावर बरंच नंतर चढलं. तिकडे स्पॅनिश धर्मप्रसारकांनी त्याच फुलात दुसरी गोष्ट वाचली होती. तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश पाच जखमा, वरचे तीन भाग तीन खिळे, आणि दहा पाकळ्या म्हणजे पीटर आणि जुडास वगळून दहा शिष्य. रोममध्ये जाकोमो बोसिओनं १६१० साली क्रुसावरच्या ग्रंथात हे फूल आणलं. १७५३ मध्ये लिनियसनं दिलेलं पॅसिफ्लोरा हे नावही त्याच 'पॅशन'चं, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांचं. पॅशनचा अर्थ प्रणय समजून हे फूल भेट देणारे असतात, त्यांना मी काही सांगत नाही.

मला त्या तीन खिळ्यांची एक वेगळीच गोष्ट आवडते. फूल उघडतं तेव्हा ते वर ताठ असतात. काही वेळानं हळूहळू खाली वाकतात आणि परागकोशांच्या पातळीला येतात. मोठा काळा भुंगा तंतूंच्या चकतीवर फिरत मध पितो तेव्हा त्याच्या पाठीला आधी पराग लागतात आणि पुढच्या फुलावर ते या वाकलेल्या टोकांना पुसले जातात. आमच्या मजल्यापर्यंत भुंगा येतो याचं मला अजून नवल वाटतं. फळ मात्र धरत नाही. या जातीच्या फुलाला स्वतःच्या वेलीचे पराग चालत नाहीत, आणि वहिनींची वेल माझ्याच वेलीचा तुकडा. संध्याकाळी फूल मिटतं. एका दिवसाचाच कारभार.

दुसरी पाहुणी कृष्णकमलिनी. नारिंगी, काळ्या ठिपक्यांची, संथ उडणारी फुलपाखरं. पानाखाली पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालतात, आणि काटेरी तपकिरी सुरवंट आठवड्यात वेल सोलून काढतात. पहिल्या वर्षी मी कडुनिंबाचं तेल फवारलं आणि नंतर दोन दिवस स्वतःवरच चिडले. आता एका जुन्या बादलीत वेलघाणी लावली आहे. रस्त्याकडेच्या झुडपांत उगवणारी, चिकट केसाळ जाळीत फळ धरणारी, कृष्णकमळाचीच रानटी चुलतबहीण. सुरवंट दिसले की कागदाच्या तुकड्यावर घेऊन तिकडे सोडते. निम्मे परत येतात.

यंदा पावसाळ्यात वेलीनं माझी सुतळी सोडून वरच्या मजल्याच्या ग्रिलला हात घातला. तिथल्या काकू एकट्या राहतात. मी सोडवायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, मला सोबत होते." गोकुळाष्टमीला वर चार फुलं आली, सगळी त्यांच्या खिडकीकडे तोंड करून. माझ्या गॅलरीतून फक्त देठ दिसत होते. मग मी आणि वहिनी फुलं बघायला वर गेलो.

आता फेब्रुवारी आहे. परवा कात्री पिशवीत घालून जिना चढले. काकूंनी चहा टाकला. मी छाटणीचं सांगितलं: खाली हातभर ठेवून कापायची, वरचं आपोआप वाळेल, मग नवी फूट येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जूनपर्यंत माझ्या खिडकीत काही नाही?"

चहा पिऊन खाली आले. कात्री अजून पिशवीतच आहे.