कारखान्याची किल्ली

सौंसरला आमच्या वडील भगिनी राहतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "अरे, बँकेचं पान उघडते, तर तांबडा इशारा येतो. पुढे जाऊ का?" पेन्शन जमा झाली की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. आम्ही मोठ्या अधिकारवाणीने सांगितले, "ताई, ही यंत्रे अशीच घाबरवतात. खुशाल पुढे जा." ताईंनी आमचे ऐकले नाही, हे आमचे भाग्य!

पोळ्याला त्यांचे चिरंजीव नागपूरहून आले. दोष फोनचा नव्हता; कोपऱ्यात दिवे लुकलुकवीत बसलेल्या राउटरचा होता. संकेतस्थळाचे नाव सांगितले की त्याचा पत्ता कोणाला विचारावा, हे राउटर ठरवितो. ती नोंदच कोणी परस्पर बदलली होती. ताई बँकेचे नाव टाकीत, आणि वाटाड्या त्यांना चोराच्या ओसरीवर नेऊन सोडी. ताईंनी पुढे जाऊन परवलीचा शब्द टाकला असता, तर पेन्शनीचे काय झाले असते, ते सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी भाचा पांढुर्ण्यास आमच्याकडे आला. जाम नदीवर गोटमार चालली होती, आणि दगडांच्या भयाने आमच्या आळीतील दारे-खिडक्या बंद होत्या. भाच्याने आमच्या राउटरच्या व्यवस्थेचे पान उघडले, नावाच्या जागी 'अ‍ॅडमिन' लिहिले, परवलीच्या जागीही 'अ‍ॅडमिन', आणि तो सरळ आत गेला!

"मामाजी, कुलूप आहे, पण किल्ली कारखान्याचीच."

आम्ही म्हणालो, वाय-फायचा शब्द तर आम्ही केव्हाच बदलला आहे. तेव्हा कळले की कुलुपे दोन असतात : एक वाय-फायचे, दुसरे खुद्द राउटरचे. राउटर बसविणाऱ्याने दुसऱ्याचे नावही काढले नव्हते, आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोयही चालू ठेवली होती. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने कारखान्याच्या अशा साठेक जोड्याच पाठ करून जगभरचे राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले. २०१७ च्या जुलैत कर्नाटकात भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मॉडेम याच ढिलाईने बंद पडले. आणि पहिले कुलूपही नसले तर? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थाच्या उघड्या वाय-फायवरून. पोलीस प्रथम त्याच्याच दारी आले.

आमच्याकडे पाहुण्याला पाण्याच्या तांब्यापाठोपाठ वाय-फायचा शब्द देण्याची रीत पडली आहे. ती आम्ही मोडणार नाही. भाच्याने पाहुण्यांसाठी निराळे जाळे करून दिले, बाहेरची वाट बंद केली, आणि राउटरची आतली प्रणाली अद्ययावत केली. ताईंचा राउटर मात्र जुना. त्याला कंपनीकडून सुधारणा येणेच थांबलेले. तो बदलावा लागला. खर्चाला ताई कुरकुरल्या, ते साहजिकच.

नव्या राउटरचा शब्द त्यांनी स्वतः घातला आहे. आम्ही दोनदा विचारला. "तुला कशाला हवा?" एवढेच उत्तर मिळाले.