स्टॉकवाले काका

फळमाशीच्या चेतासंस्थेवर माझा प्रबंध आहे खरा, पण माशी बघायला मला शिकवलं ते मुंबईच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या स्टॉकवाल्या, म्हणजे माश्यांचे वाण सांभाळणाऱ्या, काकांनी. माशी जेमतेम तीन मिलिमीटरची. कार्बन डायऑक्साइडने निपचित पडलेल्या ढिगातून पंखाच्या कडेला खाच असलेल्या माद्या ते कुंचल्याने भराभर बाजूला काढत. मी भिंगाखाली चाचपडत बसे.

ती खाच म्हणजे ‘नॉच’ जनुकातल्या बिघाडाची खूण. दोन प्रतींपैकी एक बिघडली तर मादीचं खाचेवर भागतं. पण हे जनुक एक्स गुणसूत्रावर. नराकडे एकच प्रत, ती गेली की तो अंड्यातच मरतो. अशा गर्भात काय होतं हे डोनाल्ड पोल्सन यांनी 1937 ते 1940च्या सुमारास दाखवलं : चेतापेशींचा नुसता सुकाळ, आणि पोटाकडची त्वचा गायब. एरवी पेशींच्या घोळक्यातली एखादीच चेतापेशी व्हायच्या वाटेला लागते आणि शेजारणींना ‘तुम्ही नका’ म्हणून बजावते. हा निरोप ‘डेल्टा’ प्रथिनाचा, तो झेलणारं प्रथिन नॉच. झेलणारंच नसलं की सगळ्याच त्या वाटेने जातात.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे घरात सगळेच साहेब. पाणी कोण भरणार?” माझ्या प्रबंधात इतकं नेमकं वाक्य नाही.

माश्यांचे वाण गोठवून ठेवायची तेव्हा सोय नव्हती. 25 अंशांवर दहा दिवसांत पिढी उरकते. 18 अंशांवर साधारण दुप्पट वेळ मिळतो, इतकंच. मग जुन्या बाटलीतल्या माश्या नव्या बाटलीत उतरवायच्या, गणपतीतसुद्धा, लोकल बंद पडल्या तरीसुद्धा. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगरचा घाटा काकाच शिजवत, बुरशी धरू नये म्हणून त्यात प्रोपिऑनिक आम्ल घालत. संकरासाठी कुमारी माद्या लागतात, कोषातून बाहेर पडल्यावर आठेक तासांत वेचलेल्या : फिकट अंग, पोटात काळसर ठिपका. त्यासाठी ते पहिल्या गाडीने येत. शोधनिबंधावर मात्र नावं आमची. ही रीत मला अजून खटकते.

मी परदेशी निघाले तेव्हा त्यांनी वाण कापसाच्या बोळ्यांनी बंद करून दिले. त्यांचा वंश माझ्याकडे अजून चालू आहे. कुणी मागितला तर टपालाने पाठवते, पैसे घेत नाही. फळमाशीवर आनुवंशिकता अभ्यासणाऱ्या थॉमस हंट मॉर्गन यांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेपासून माशीवाल्यांचा तोच शिरस्ता आहे.