रंगाखालचा साबण

गाझियाबादच्या साहिबाबाद भागातील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ साली देशातील पहिला सौरघट आणि पुढच्याच वर्षी पहिले सौरपॅनेल तयार केले. आज पॅनेलचे आयुष्य २५ वर्षे गृहीत धरतात. त्याला उन्हापावसात पेलून धरणाऱ्या पोलादी सांगाड्याची आणि नटबोल्टांची चौकशी मात्र क्वचितच होते.

जस्ताचा मुलामा आहे, एवढ्यावर ग्राहक निश्चिंत असतो. परंतु वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या सांगाड्यावरील थर बहुधा ५० मायक्रॉनहून जाड असतो. विद्युत्-विलेपनाने चकचकीत केलेल्या बोल्टवर तो अनेकदा जेमतेम ८ मायक्रॉन. औद्योगिक शहराच्या हवेत जस्त वर्षाला एक-दोन मायक्रॉन झिजते. भागाकार ज्याचा त्याने करावा. जस्तावर कालांतराने कार्बोनेटचा संरक्षक थर धरतो खरा, पण कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड दवात मिसळला की तोही विरघळतो. आणि गाझियाबादच्या हिवाळ्यात धूर व दव दोन्ही मुबलक.

मग कोणीतरी एनॅमलचा डबा आणतो. फसगत इथेच होते. तेलापासून बनलेल्या आल्किड रंगातील एस्टर, जस्तावरील अल्कधर्मी संयुगे आणि आत झिरपलेला ओलावा यांच्या अभिक्रियेतून जस्ताचा साबण तयार होतो. धातू आणि रंग यांच्या मधोमध साबण! काही पावसाळ्यांतच पापुद्रे सुटतात आणि दोष बिचाऱ्या रंगाऱ्याच्या माथी येतो.

खरे काम डबा उघडण्यापूर्वीचे असते. तेलकटपणा धुऊन काढायचा. जाड थर असल्यास बारीक वाळूचा हलका मारा, पातळ मुलाम्यावर मात्र फॉस्फेटची प्रक्रिया. तिथे पॉलिश पेपरने जोर लावणे म्हणजे विकत घेतलेले जस्त खरवडून टाकणे. त्यानंतर जस्तासाठी योग्य असा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन, कारण नुसता इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुकटतो. थंडीतल्या सकाळी धातूवर डोळ्यांना न दिसणारे दव असते. तेव्हा ब्रश खालीच ठेवलेला बरा.

असे जमले, तर जस्त आणि रंग यांचे एकत्रित आयुष्य दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्यांच्या बेरजेहूनही अधिक भरते. रंग पावसाला जस्तापर्यंत पोहोचू देत नाही. कुठे ओरखडा उठलाच, तर तिथे जस्त आधी झिजते आणि उघडे पडलेले पोलाद बराच काळ शाबूत राहते.