मशीनचं तेल

कर्ली खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाला पेट्रोलचा भाव विचारा, पैशापर्यंत सांगेल. तेलाचं मात्र प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. होडीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाला आमच्या देवबागेत सगळे सरळ ‘मशीन’ म्हणतात. या मशीनला कुठलं टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, तेल घालायचं यावर जेवढे वाद मी ऐकलेत, तेवढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही ऐकले नाहीत. एक म्हणतो, मशीन ज्या कंपनीचं तेल त्याच कंपनीचं. दुसरा म्हणतो, स्कूटरला चालतं ते होडीला का चालू नये? तिसरा कुणाला न विचारता ट्रकच्या इंजिनाचं तेल ओततो आणि वर्षभर ‘माझं काय बिघडलं?’ असं विचारत फिरतो. त्याचं बिघडतं तेव्हा तो सांगायला येत नाही.

माझी फायबरची छोटी होडी आहे, तिला १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. पहाटे जाळं, सिझनला दिवसा पर्यटक. दोन्ही कामांत पैसा जातो तो पेट्रोलवर. तेल थोडं थोडं संपतं, त्यामुळे त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. आणि काटकसर करायची वेळ आली की हात मात्र आधी तेलावरच जातो.

या मशीनला मोटारीसारखी तेलाची वेगळी टाकी पोटात नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल आत जातं, क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, सिलिंडरला चोपडलं जातं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून बाहेर पडतं. म्हणजे एकाच तेलाने दोन कामं करायची: आहे तोवर घासणं वाचवायचं आणि जळताना मागे घाण ठेवायची नाही. पहिलं काम बहुतेक तेलं करतात. भानगड दुसऱ्या कामात आहे.

ती मी माझ्या चुलत भावाच्या मशीनमध्ये पाहिली. सिझनच्या तोंडावर त्याला एका दुकानात स्वस्त डबे मिळाले. डब्यावर होडीचं झोकदार चित्र, निळंशार पाणी, मागे उसळणारा फेस. दुकानदार म्हणाला, होडीचंच तेल आहे. सुरुवातीला सगळं ठीक होतं. पण पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेताना मशीन तासन्‌तास हळू चालवावं लागतं, आणि तिथे त्याची कुरकुर सुरू झाली. प्लग काळा ओला व्हायचा, दोरी ओढून ओढून खांदा दुखायचा, निळ्या धुराने मागच्या बाकावरची माणसं नाकाला रुमाल लावून बसायची. मग ओहोटीच्या ओढीला मशीन तोंड देईना.

मालवणच्या मेस्त्रींनी हेड उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. पिस्टनच्या डोक्यावर काळा कठीण थर होता. वरची रिंग आपल्या खाचेत इतकी घट्ट बसली होती की लाकडाने ठोकल्याशिवाय हलेना. रिंग हलली नाही की ती सिलिंडरला टेकत नाही, दाब खाली गळतो, ताकद जाते. धूर बाहेर जायची भोकंही कार्बनने अरुंद झाली होती. मेस्त्रींनी डबा मागवला, चित्राकडे बघितलंसुद्धा नाही, उलटा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, “ह्यां गाडयेचां तेल. होडयेचां नाय.”

मागे लिहिलेलं होतं ‘एपीआय टीसी’ आणि ‘जासो एफसी’. त्या शिक्क्यांत खोटं काही नाही. ती स्कूटर-मोटारसायकलची प्रतवारी आहे, जासो जपानची. आरएक्स १०० बाळगणाऱ्यांनी हेच तेल घ्यावं. तिचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, म्हणजे खरं तर चांगलंच तापतं. एवढ्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ ठेवायला या तेलांत धातूंची संयुगं घालतात, आणि ती जळली की राख उरते. होडीचं मशीन समुद्राचं पाणी सतत आत ओढून थंड राहतं, पण चालतं मात्र सलग जोर लावून. त्याला ना सिग्नल, ना उतार. तिथे ही राख प्लगवर आणि पिस्टनवर साचत जाते. म्हणून पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनसाठी तेलाचा वेगळा शिक्का आहे: टीसी-डब्ल्यू ३. यातला ‘डब्ल्यू’ पाण्याचा. अमेरिकेतली बोटउद्योगाची संघटना, एनएमएमए, तो देते. त्यासाठी तेल प्रत्यक्ष आउटबोर्ड इंजिनांत चालवून रिंगा अडकतात का, थर किती साचतो हे तपासलं जातं. गंज आणि पेट्रोलमध्ये मिसळणं यांच्याही चाचण्या असतात. या तेलात धातूची राख होणारी द्रव्यं नसतात.

एवढं कळल्यावर मी भावाचा प्रश्न माझ्या डोक्यात उलटा करून बघितला. स्वस्त तेल घ्यायचं की नाही, हा प्रश्नच नाही. स्वस्त कशात शोधायचं, हा आहे. आकडे सोयीचे धरतो, भाव दुकानागणिक बदलतात. समजा मशीन कंपनीच्या नावाचं तेल ७०० रुपये लिटर, दुसऱ्या कुणाचं पण टीसी-डब्ल्यू ३ नोंदणी असलेलं ३५० रुपये आणि स्कूटरचं २८० रुपये. पन्नासास एक प्रमाणाने लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल लागतं. म्हणजे लिटरमागे अनुक्रमे १४ रुपये, ७ रुपये आणि ५ रुपये ६० पैसे. दिवसाला १० लिटर पेट्रोल जाळणाऱ्या होडीला पहिल्यावरून दुसऱ्यावर आलं की ७० रुपये सुटतात. ऑक्टोबर ते मे धरला तर ती रक्कम नव्या जाळ्याला हातभार लावते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उतरलं की सुटतात दिवसाला १४ रुपये. त्या १४ रुपयांसाठी रिंगा, गॅसकेट, मेस्त्रींची मजुरी आणि भर सिझनमध्ये किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी? हा धंदा मला जमणार नाही.

कंपनीच्या नावाचं तेल वाईट नाही. नव्या मशीनच्या वॉरंटीत काही अट असेल तर तेवढा काळ तेच घालावं. पण नावामागे दुप्पट पैसे मोजण्याइतका फरक मला माझ्या प्लगवर कधी दिसला नाही. प्लगचं टोक फिकट तपकिरी असलं की माझं समाधान होतं.

डबा घेताना शब्द नीट बघावे लागतात. ‘टीसी-डब्ल्यू ३ लागणाऱ्या मशीनसाठी योग्य’ असं छापणं वेगळं आणि एनएमएमएकडे नोंदणी झाल्याचा क्रमांक छापणं वेगळं. पहिलं कुणीही छापू शकतं. रंगावर तर अजिबात जाऊ नये. तो निळा, हिरवा, लाल जो असेल तो, तेल घातलंय की नाही हे पेट्रोलमध्ये कळावं म्हणून घातलेला असतो. आणि सुटं तेल, पिंपातून मापाने बाटलीत ओतून मिळणारं, ते कितीही ओळखीच्या माणसाकडचं असो, मी घेत नाही.

भावाने मशीन दुरुस्त झाल्यावर दुसरं टोक गाठलं. चांगलं तेल आणलं आणि घाबरून दुप्पट ओतायला लागला. मेस्त्रींनी त्यालाही थांबवलं. जास्त तेल म्हणजे जास्त धूर, ओला प्लग आणि पुन्हा तोच कार्बन. नवं मशीन बसवताना पहिले काही तास जास्त तेल लागतं, किती ते मशीनच्या पुस्तकात असतं. त्यानंतर पुस्तकातलं नेहमीचं प्रमाण. आमच्याकडे अनेकजण ‘एक टोपण, दोन टोपणं’ असं मोजतात. टोपण कुठल्या डब्याचं, हे कुणी विचारत नाही. मी औषधाच्या दुकानातून मिलीच्या खुणा असलेलं माप आणलं. आधी थोड्या पेट्रोलमध्ये तेल हलवून घेतो, मग उरलेलं पेट्रोल वरून ओततो.

पेट्रोलचीही एक नवी डोकेदुखी आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरतं, आणि खाडीवर ओलाव्याची काय कमतरता! पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळा थर होतो. तेल राहतं वरच्या पेट्रोलात. मशीनची नळी मात्र तळातून ओढते, म्हणजे मशीन तेलाशिवायच चालतं. उत्तम तेलही तिथे काही करू शकत नाही. म्हणून लागेल तेवढंच कालवावं, टाकीचं झाकण घट्ट असावं आणि पावसाळ्यात होडी वर काढताना कालवलेलं पेट्रोल टाकीत ठेवू नये. मी मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून मीठ धुतो, कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवतो, मग प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून दोरी हळू ओढतो. हे तेलही टीसी-डब्ल्यू ३ चंच.

फोर-स्ट्रोक घ्या, कटकट संपेल, असं पर्यटनवाले मित्र सांगतात. धूर कमी, पेट्रोल कमी, हे खरं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचा बराच भाग न जळताच खाडीत जातो, हेही खरं. पण फोर-स्ट्रोक वजनाला जड आणि किमतीला त्याहून जड. पहाटे एकट्याने मशीन खांद्यावर घेऊन होडीपर्यंत जाणाऱ्याला ते एवढ्यात परवडणारं नाही.

तोवर एक काम सहज होण्यासारखं आहे. आमच्या वाडीतले काही होडीवाले मिळून नोंदणीचं तेल मोठ्या डब्यात आणतात आणि सगळ्यांसमोर सील फोडून वाटून घेतात. लिटरमागे भाव बराच खाली येतो. मच्छीमार सहकारी सोसायट्या ट्रॉलरवाल्यांना डिझेल पुरवतातच. त्यांनी डिझेलच्या पंपाशेजारी टीसी-डब्ल्यू ३ नोंदणीचं तेलही सीलबंद ठेवावं, आणि सभासदांनी येत्या सर्वसाधारण सभेत तशी मागणी लेखी द्यावी.