सखूची जागा

लष्करातील आमच्या जुन्या वाड्यात पाठांतराला तोटा नव्हता. आजोबा पहाटे अमरकोश म्हणत, वडील हिशेबाला बसले की पावकी-निमकीचा आधार घेत, आणि माजघराशेजारच्या खोलीत धाकटा भाऊ तबल्याचे बोल आधी तोंडाने घोकून मग बोटांवर उतरवीत असे. १९८० साली आम्ही वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झालो, तेव्हा अशा घरातल्या मुलाला शरीररचनाशास्त्राचे काय भय, असा आमचा समज होता. पहिल्या महिन्यातच तो पार उतरला.

माणसाच्या शरीरात हाडे २०६. सुश्रुताने ती ३०० मोजली, चरकाने दात-नखे धरून ३६०. परीक्षक चरकमताचे नव्हते, हे आमचे भाग्यच! पण २०६ ही संख्याही पुरेशी होती, कारण प्रत्येक हाडाला लॅटिन किंवा ग्रीक नाव, त्याच्यावर उंचवटे, खाचा, छिद्रे, आणि त्यांनाही नावे. आमच्या ग्वाल्हेरातच अध्यापन करणाऱ्या डॉ. बी. डी. चौरसिया यांचे पुस्तक १९७९ मध्ये नुकतेच निघाले होते. त्यातील साध्या रेखाचित्रांनी पुष्कळांना तारले. चित्र डोळ्यांपुढे राही, नावे मात्र निसटत. वरच्या वर्गातील मुले त्यासाठी आद्याक्षरांची इंग्रजी वाक्ये वारशासारखी पुढे देत. त्यांतली बरीचशी वडीलधाऱ्यांपुढे उच्चारण्याजोगी नसत.

म्हणून आम्ही आमची मराठी वाक्ये रचली. मनगटात आठ लहान हाडे चार-चारच्या दोन ओळींत बसलेली असतात. अंगठ्याच्या बाजूने करंगळीकडे मोजत गेले, तर कोपराकडच्या ओळीत स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म आणि बोटांकडच्या ओळीत ट्रॅपिझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. यावर आमचे वाक्य असे: ‘सखू, लाडू टाक पातेल्यात, टोप टाकला कुणी हौदात?’ आईने ते ऐकले आणि लाडू पातेल्यात टाकत नाहीत, डब्यात भरतात, अशी दुरुस्ती सुचविली. ‘ड’ने सुरू होणारे हाड मनगटात नसल्यामुळे ती अमान्य झाली. तीन ‘ट’ एकाच वाक्यात येत असल्याने घोटाळाही होई. त्यावर तोड म्हणजे टोप मोठा, म्हणून तो अंगठ्याच्या बुडाशी. तोंडी परीक्षेत आम्ही हे सारे एका दमात म्हटले. परीक्षक प्रसन्न झाले. हाड हातात घेऊन ओळखायला सांगितले असते तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी आमच्या मनाला शिवलाही नाही.

आणखी एक खूण आम्हांला घरातच मिळाली होती. अंगठा ताणून मागे नेला की त्याच्या मुळाशी दोन शिरांसारख्या कंडरांमध्ये खळगा पडतो. शरीररचनेच्या ग्रंथांत त्याचे नावच तपकिरीची डबी आहे, कारण शौकीन लोक तपकीर तिथे ठेवून ओढीत. आजोबा ती तशीच ओढत. त्या खळग्याच्या तळाशी सखू, म्हणजे स्कॅफॉइड, असते. हे आम्हांला पाठ होते.

१९८५ च्या पावसाळ्यात भाऊ सायकलवरून घसरला आणि उजव्या तळहातावर पडला. आमची आंतरवासिता त्या वेळी संपत आली होती; घरात आम्ही डॉक्टर म्हणूनच वावरत होतो. क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. ‘‘दादा, दुखते ते नेमके इथेच,’’ असे म्हणून त्याने अंगठ्यामागच्या खळग्यात बोट ठेवले. आम्ही मुरगळ ठरवून पट्टी बांधली आणि आठ दिवसांत तबल्यावर बसशील, असे सांगितले.

या हाडाचा स्वभाव मोठा आडमुठा आहे. त्याला रक्तपुरवठा होतो तो मुख्यतः बोटांकडच्या टोकातून, आणि तिथून तो मागे कोपराच्या दिशेने जातो. हाड मध्यावर चिरले की मागचा अर्धा भाग उपाशी राहू शकतो. शिवाय ताज्या चित्रात ती चीर कित्येकदा दिसतच नाही. त्यामुळे त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर चित्र निर्दोष असले तरी हात प्लास्टरमध्ये ठेवायचा आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचे, हा नियम. तो आमच्या पुस्तकात होता. आमच्या वाक्यात नव्हता. वाक्याने सखूचे नाव राखले आणि तिची जागाही राखली, पण भावाने तिच्यावर बोट ठेवले असताना आम्हांला ती आठवली नाही.

तीन महिन्यांनी चीर स्पष्ट दिसली. पुढे शस्त्रक्रिया झाली, हाड कसेबसे सांधले, पण मनगट पूर्वीसारखे वळेना. डग्ग्यावरचा डावा हात शाबूत, आणि तबल्यावरचा उजवा अर्ध्या लयीत थकणारा. भावाने आम्हांला कधी बोल लावला नाही. आईने मात्र ते लाडवांचे वाक्य पुन्हा घरात कधी म्हणू दिले नाही.

पुढे शिकाऊ डॉक्टर आमच्या हाताखाली आले, तेव्हा आम्ही त्यांना वाक्य सांगितले नाही असे नाही. मात्र ते सांगण्याआधी त्यांचा अंगठा ताणायला लावून तो खळगा त्यांच्याच बोटाने दाबायला लावीत असू.

भाऊ आता मुलांना तबला शिकवतो. गेल्या थंडीत आमचा नातू त्याच्यापुढे बसला होता. बोल भाऊ तोंडाने म्हणत होता, आणि उजवा हात शालीत होता.