जुन्याचा धागा

आमच्या कार्यालयातली दाखल्यांची प्रणाली जावामध्ये लिहिलेली आहे. मी कलाशाखेचा पदवीधर, माझा संबंध पडद्यापुरता. पण एखादी बारीक दुरुस्ती करायची म्हणून सर्व्हर बंद झाला, की खिडकीपुढच्या रांगेला उत्तर मलाच द्यावे लागते. म्हणून देखभालीला येणाऱ्या मुलाला एकदा विचारले, "बाबा रे, बंद न करता बदलता येत नाही?"

"येतं, पण भरवशाचं नसतं," तो म्हणाला आणि त्याने समजावून सांगितले.

जावाचा प्रोग्रॅम अनेक 'क्लास'चा बनतो. त्यांना मेमरीत आणतो तो क्लासलोडर. एकदा आणलेला क्लास तोच लोडर पुन्हा वाचत नाही. डिस्कवरची फाईल बदलली तरी काम जुन्याच प्रतीवर चालते. २००२ साली आलेल्या जावा १.४ मध्ये चालू प्रोग्रॅममधला क्लास बदलण्याची सोय झाली, पण ती मेथडच्या आतल्या मजकुरापुरती. नवी मेथड घालायची तर ती उपयोगाची नाही.

म्हणून टॉमकॅटसारखा सर्व्हर दुसरी युक्ती करतो. तो त्या अॅप्लिकेशनचा लोडरच टाकून देतो आणि नवा बसवतो. नवा लोडर सगळे क्लास नव्याने वाचतो. सर्व्हर चालूच राहतो, शेजारच्या अॅप्लिकेशनला धक्का लागत नाही.

गोम पुढे आहे. जुना लोडर मेमरीतून जातो तो कोणी धरून ठेवला नसेल तरच. मागे चालू राहिलेला एखादा थ्रेड, नोंद न काढलेला डेटाबेस ड्रायव्हर, एवढा एक धागा पुरतो. त्याला धरून जुने सगळे क्लास तसेच राहतात. असे वारंवार झाले की मेमरी भरते आणि सर्व्हर आडवा होतो. २०१४ च्या जावा ८ ने क्लास ठेवण्याची जागा बदलली, पण धागा सुटला नाही तर गळती आहेच. म्हणून जाणती माणसे कामाच्या वेळी हा प्रयोग करत नाहीत. रांग नसताना सर्व्हर सरळ बंद करून चालू करतात.

हे ऐकताना मला आपला गोवा आठवला. १९ डिसेंबर १९६१ नंतर राज्यकारभार बंद ठेवून नवा बसवणे शक्य नव्हते. १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे, बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत, चालू ठेवले. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची. तिच्यातला वारसाहक्काचा भाग २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने बदलला. नवराबायकोच्या मिळकतीचे नियम मात्र अजून तिचेच. जमिनीच्या विक्रीखतात आजही नव्या सर्व्हे क्रमांकाशेजारी पोर्तुगीज काळातल्या नोंदणीचा क्रमांक लिहिलेला आढळतो.

संगणकात असा उरलेला धागा म्हणजे दोष. कचेरीत तसे म्हणता येत नाही. तो जुना क्रमांक एखाद्या घराचा एकमेव पुरावा असू शकतो. नवी यादी करताना 'निरुपयोगी' म्हणून तो रकाना कोणी काढला, तर प्रणाली हलकी होईल, पण त्या घरातला माणूस आपली जमीन सिद्ध करत वर्षानुवर्षे खेटे घालील. नवे आणणाऱ्यांना आमचा विरोध नाही. जुने पुसण्याआधी त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे तेवढे पाहावे, आणि ते विचारायला खिडकीशी बसणाऱ्या आमच्यासारख्यांकडे यावे.